रस्ता आपला, नाका कुणाचा?

बाजारात माल गेला की दोन दिवसांनी आडत्याची पट्टी हाती येते. तिच्यावर मोटारभाडे, हमाली, तोलाई असे सगळे ओळीने मांडलेले असते. टोल मात्र कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून तो आपण भरला नाही, असे कृपा करून समजू नका. तो मोटारभाड्यात बसलेला असतो. ट्रकवाला नाक्यावर पैसे मोजतो आणि ते तुमच्या वांग्या-टोमॅटोच्या किमतीतून वळते करून घेतो. घरी मोटार नसली, तरी टोलचा प्रश्न आपला आहे तो असा.

टोल म्हणजे पथकर. ही काही आजची गोष्ट नाही. जुन्नरच्या नाणेघाटात दगडात कोरलेला एक मोठा रांजण आजही उभा आहे. घाट चढणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी त्यात जमा करीत, असे सांगतात. इंग्रजी अमलात १८७५ साली मुंबई इलाख्यासाठी रस्ते आणि पूल यांवरील टोलचा कायदा झाला. म्हणजे वाट वापरणाऱ्याने वाटेचा खर्च द्यावा, हा विचार जुनाच आहे. वाद आहे तो वेगळ्या गोष्टीचा. कुणी द्यावा, किती द्यावा, किती वर्षे द्यावा आणि दिलेल्या पैशाचे होते काय?

ओवे गावाची गोष्ट

हा वाद कळण्यासाठी पनवेल तालुक्यातील ओवे गावाच्या परिसराकडे पाहू या. खारघरला लागून असलेले हे गाव. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसविण्यासाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भाताची शेते गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार झाला, त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या जमिनीवर आज रुंद रस्ते धावतात, ती जमीन अशा किमतीने मिळालेली आहे, हे आधी ध्यानात ठेवू या.

पुढे सायन-पनवेल महामार्ग रुंद करण्याचे काम निघाले. खर्च सुमारे बाराशे कोटी रुपये. काम 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या पद्धतीने दिले गेले. म्हणजे खासगी कंपनीने आपले पैसे घालून रस्ता करायचा, ठरलेली वर्षे टोल घेऊन पैसे वसूल करायचे, मग रस्ता सरकारच्या स्वाधीन करायचा. त्या वर्षांत देखभालही कंपनीनेच करायची. हा सौदा कागदावर सरळ दिसतो.

पण नाका कुठे आला? खारघर आणि कामोठे यांच्या मध्ये. आता खारघरच्या बाजूच्या माणसाचे तालुक्याचे गाव पनवेल. तहसील कचेरी तिथे, कोर्ट तिथे, जुना बाजार तिथे. सातबारावरच्या नोंदीसाठी जायचे असो की आजाऱ्याला घेऊन जायचे असो, मोटारीने या महामार्गाने निघाले की वाटेत नाका. पंचवीस किलोमीटर रस्ता वापरणाऱ्याला आणि चार किलोमीटर वापरणाऱ्याला मोजायचा पैसा एकच. त्यातून शेजारच्या गावांतील लोकांचा संताप उसळला. पनवेलचे तेव्हाचे काँग्रेसचे आमदार प्रशांत ठाकूर यांनी २०१४ साली याच प्रश्नावरून पक्ष सोडला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये टोलवसुली सुरू झालीच.

वसुली सुरू होऊन पाच महिने होतात न होतात तोच राज्य सरकारने मोठा निर्णय केला. १ जून २०१५ पासून राज्यातील १२ टोलनाके बंद झाले, आणि आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप यांसारख्या लहान गाड्यांना आणि एसटीला सूट मिळाली. खारघरच्या नाक्यावरही लहान गाड्यांचा टोल थांबला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता.

टोल गेला, खर्च मात्र राहिला

गोष्ट इथेच संपली असती तर फार बरे झाले असते. पण पुढच्या पावसाळ्यांत याच महामार्गावर खड्ड्यांचे राज्य माजले. रात्री दिवे बंद. दुचाकीवाले पडू लागले. कंपनीचे म्हणणे असे की, लहान गाड्यांचा टोल गेला, उत्पन्न बुडाले, त्याची भरपाई मिळायला हवी. भरपाईचा आणि देखभालीचा हा घोळ चालू राहिला, आणि शेवटी सार्वजनिक बांधकाम खात्याला सरकारी पैशातून दुरुस्ती करावी लागली. दोघांच्या भांडणात खड्डा आपल्या जागी राहिला आणि पडला तो साधा माणूस.

यातून घ्यायचा धडा हा आहे: नाका उठला म्हणून रस्त्याचा खर्च उठत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी खिशातून जातो. तो खिसा कुणाचा, हे ठरविल्याशिवाय टोलमाफी जाहीर झाली, तर एक तर सगळ्यांच्या तिजोरीवर भार पडतो, नाही तर रस्ता उघड्यावर पडतो.

कोल्हापूरचेच पाहा. शहरातील रस्ते टोलच्या बोलीवर खासगी कंपनीकडून करून घेतले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, आणि घरून गुऱ्हाळाला किंवा मार्केट यार्डात जायलाही टोल म्हणून सारे शहर रस्त्यावर आले. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते मोर्चाच्या पुढे चालत होते. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. लोक जिंकले, यात शंका नाही. पण कंपनीचे देणे राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून चुकते केले. त्या तिजोरीत जतच्या आणि गडचिरोलीच्या शेतकऱ्याचाही पैसा असतो, आणि तो शेतकरी कोल्हापूरच्या त्या रस्त्यांवरून कदाचित कधी गेलेलाही नसेल.

रस्ता झिजवतो कोण?

आता न्यायाचा दुसरा पैलू बघू. रस्ता कोण किती झिजवतो, यावर कुणी किती द्यावे हे ठरले पाहिजे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरविले आणि झीज मोजली. त्यातून निघालेला हिशेब आजही जगभरचे इंजिनिअर वापरतात. आसावरचा म्हणजे धुऱ्यावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळापट होते. भार नुसता पाचवा हिस्सा वाढला, म्हणजे दहा टनांच्या जागी बारा टन झाला, तरी झीज दुप्पट होते. आपल्या देशात २०१८ साली ट्रकच्या एका आसावरचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला. त्यावरही जादा भरून पळणारे डंपर आणि ट्रक वेगळेच.

म्हणजे एखादी मोटार गेली तर रस्त्याला तिचा पत्ताही लागत नाही. खडीचा ठेचून भरलेला डंपर मात्र दर खेपेला गावच्या रस्त्याचा लचका तोडतो. म्हणून जड गाडीने जास्त द्यावे, हे तत्त्व बरोबरच आहे. पण इथे शेतकऱ्याची पंचाईत होते. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरील दहिसर, मुलुंड, ऐरोली, आनंदनगर आणि वाशी या पाच नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला. शहरातल्या मोटारवाल्याला त्याचा लाभ झाला. कांद्याचा आणि भाजीचा मोठा ट्रक मात्र टोल देतोच. म्हणजे माफी कुणाच्या पदरात पडली आणि भार कुणाच्या पट्टीत राहिला, हे तुम्हीच पाहा.

थोडा हिशेब मांडू. समजा, टेम्पोला जाता-येता ६०० रुपये टोल पडला आणि माल तीन टन आहे. किलोमागे वीस पैसे झाले. आता समजा, रस्त्यावर टोल नाही पण तो उखडलेला आहे. हादऱ्यांनी शंभरातले दोन टोमॅटो फुटले, तर तीन टनांत साठ किलो गेले. पंधरा रुपये भाव धरला तरी नऊशे रुपये पाण्यात. शिवाय डिझेल जास्त, टायर आणि पाट्याचा खर्च वेगळा, आणि उशीर झाला तर पहाटेचा लिलाव हुकतो. तेव्हा चांगल्या रस्त्याचा वाजवी टोल शेतकऱ्याला महाग नाही. महाग पडतो तो टोल देऊनही खड्ड्यांतून जावे लागणारा रस्ता. आणि नाका नसलेला रस्ता नेहमी चांगलाच असतो असेही नाही. पनवेलजवळ पळस्पे इथून निघणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, आणि पुढे दहा-बारा वर्षे कोकणी माणसाने गणपतीला जाताना काय सोसले, ते सर्वांना ठाऊक आहे.

टोल वाजवी कधी म्हणावा?

आपण चार कसोट्या लावू या.

पहिली कसोटी: दुसरी वाट आहे का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला जुना महामार्ग आहे, तिथे निवड तरी करता येते. तालुक्याच्या गावाला जाण्याचा नेहमीचा रस्ता अडवून नाका बसविला, तर ती निवड राहत नाही.

दुसरी: जवळ राहणाऱ्याचा विचार झाला आहे का? राष्ट्रीय महामार्गांसाठी २००८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांप्रमाणे नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला, गाडी धंद्याची नसेल तर, सवलतीचा मासिक पास मिळतो. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना सर्वसाधारणपणे टोल नाही. मात्र बाजूला सेवा रस्ता असेल तर त्यांनी तोच वापरायचा. चोवीस तासांत परत येणाऱ्याला जाण्या-येण्याचा मिळून दीडपट दर आहे. हे नियम केंद्राच्या रस्त्यांना लागू. राज्य सरकारच्या रस्त्यांवरील नाक्यांचे करार वेगळे असतात. म्हणून नाका कुणाचा, हे आधी विचारायला हवे.

तिसरी: दिलेला पैसा त्याच रस्त्याला लागतो का? केरळात त्रिशूर जिल्ह्यात पालियेक्करा येथे महामार्गाची दुर्दशा आणि तासन्‌तास कोंडी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने टोलवसुली थांबविली. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यात हात घालण्यास नकार दिला. हे गवई साहेब आपल्या अमरावतीचे. रस्ता नीट नसेल तर लोकांकडून टोल कशाचा मागता, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. पुढे ऑक्टोबरमध्ये वसुलीला पुन्हा परवानगी मिळाली, पण टोल आणि चांगला रस्ता यांची गाठ न्यायालयाने बांधून दाखविली.

चौथी: वसुली कधी संपणार आणि हिशेब कुठे आहे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची टोलवसुली २००४ साली पंधरा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे दिली होती. मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली, पण टोल थांबला नाही. १ एप्रिल २०२३ पासून मोटारीचा दर २७० वरून ३२० रुपये झाला. देखभालीला आणि नव्या कामांना पैसा लागतो, हे मान्य. पण सावकाराचे कर्ज फिटले की नाही, हे कुळाला कळले पाहिजे. वही सावकाराच्याच पेटीत राहिली, तर कुळाचा विश्वास बसायचा कसा?

या चारांपैकी एखादी कसोटी उतरली नाही तर तेवढ्यापुरते भांडावे. पण चारही नीट असतील, तर नुसता 'टोल हटाव' म्हणण्यात शेतकऱ्याचे हित नाही.

गावच्या रस्त्याचे काय?

नाक्यांवर एवढे रण माजते, पण आपला माल शेतातून डांबरी सडकेपर्यंत येतो तो गावच्या रस्त्याने. तिथे नाका नाही. मग त्याचा पैसा येतो कुठून?

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशातील मुख्य इंजिनिअरांची परिषद झाली आणि रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. आजही तीच चालते. आपल्याकडे राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. शहराच्या हद्दीत नगरपालिका किंवा महानगरपालिका.

पैशाचा विचार त्याहून आधीचा आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ साली सुचविले की, पेट्रोलवर थोडा जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजही तुम्ही ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालता, तेव्हा दर लिटरमागे रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर देता. म्हणजे शेतात नांगरणी करणारा ट्रॅक्टरही रस्त्याचे पैसे भरत असतो! गाडी घेताना मोटार कर आणि घराची घरपट्टी असतेच. तेव्हा गावच्या रस्त्याची मागणी ही भीक नव्हे. तो भरलेल्या पैशाचा मोबदला आहे.

पुन्हा ओव्याकडे वळू. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि २९ गावे तिच्यात गेली. ओवे त्यांपैकी एक. सिडकोने वसविलेल्या भागातील लोक सिडकोला सेवाशुल्क भरत होते. २०२१ मध्ये महापालिकेने मागील वर्षांसह मालमत्ता कराची बिले धाडली. त्या काळात रस्ते, गटारे, दिवे यांचा कारभार बराचसा सिडकोकडेच होता आणि तो टप्प्याटप्प्याने पालिकेकडे यायचा होता. एकाच रस्त्यासाठी दोन दरबारी पैसे का भरायचे, असा लोकांचा सवाल. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. जमीन दिलेल्या गावांचे म्हणणे तर आणखी जुने आहे: आम्ही शेते दिली, आता आम्हीच नवख्यासारखे दारात उभे राहून सगळे मोजायचे का?

पालिकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. कर आला नाही, तर डांबर कुठून येणार? पण आधी सेवा आणि मग बिल, हा क्रम उलटा झाला की लोकांचे मन उडते. नाक्यावरच्या आणि घरपट्टीतल्या भांडणाचे मूळ एकच आहे. पैसा घेणारा एक आणि रस्ता राखणारा दुसरा असे झाले की बिघाड ठरलेला.

आपण काय करावे?

सगळ्यात आधी आपल्या रस्त्याची जात ओळखा. तो जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा, की पालिकेचा, हे कळले की निम्मे काम झाले. नाही तर एक अर्ज तीन कचेऱ्यांत वर्षभर फिरतो.

दुसरे, कामाचा फलक वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यातील रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. फलकावर खर्च आणि तारखा असतात. पाच वर्षांच्या आत रस्ता उखडला, तर तो बुजविणे ठेकेदाराचे कर्तव्य आहे. त्याचे आपल्यावर उपकार नाहीत.

तिसरे, ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि बायकांनीही बोलावे. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना खड्डा किती खोल आहे, ते त्यांच्याइतके कुणाला कळणार? ठराव लेखी करून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपये फी भरून करार, खर्च आणि देखभालीची मुदत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

चौथे, अपघात झाला तर गप्प बसू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे की, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःकडे बघण्याची आहे. रस्त्याच्या कडेची चर बुजवून आपणच बांध पुढे सारतो, शेताचे पाणी रस्त्यावर सोडतो, मांडवासाठी नव्या डांबरात पहारीने खड्डे पाडतो. डांबराचा वैरी पाणी. चर मोकळी राहिली तर रस्ता दोन पावसाळे जास्त टिकतो, आणि त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. पावसाळ्याआधी गावाने एक दिवस फावडे हाती घेतले तरी पुष्कळ.

रस्ता आकाशातून पडत नाही आणि फुकट टिकतही नाही. त्याची किंमत आपण नाक्यावर, पंपावर, घरपट्टीत आणि बाजारच्या पट्टीत मोजतच असतो. मोजायला आपली ना नाही. पण मोजून घेतलेल्या धान्याचे माप जसे आपण आपल्या डोळ्यांनी बघतो, तसे रस्त्याच्या पैशाचे मापही बघायला शिकले पाहिजे. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढे तरी विचारा: आमच्या गावाला येणारा रस्ता कुणाचा, त्यावर शेवटचा खर्च कधी आणि किती झाला, आणि तो राखण्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे?